मत्स्यकन्येनं लिहून का नाही दिलं?

कृष्णाकाठची बाई:

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं पाल्हाळ आहे. सांभाळून घ्या.

मी एका निवासी कर्णबधिर शाळेत शिकवते. सांगली जिल्हा, एवढंच सांगते. सातवीच्या वर्गात 9 मुलं, वयं 12 ते 15. आमच्याकडे मुलं उशिराच येतात. घरचे दोन-तीन वर्षं "जीभ जड आहे, बोलेल हळूहळू" म्हणत वेखंड उगाळून चाटवत बसतात. कानाकडे कुणाचं लक्षच जात नाही.

जानेवारीत स्नेहसंमेलन असतं. यंदा मुलींनी हट्ट धरला, जलपरीचं नाटक करायचं. कारण काय, तर एकीच्या कंपासपेटीवर ती लाल केसांची जलपरी आहे. म्हटलं, आधी सिनेमा तरी बघू. डिस्नेचा 1989 चा 'द लिटल मरमेड' आणला. सिनेमा 83 मिनिटांचा, आम्हाला लागले अडीच तास. दर दोन-तीन मिनिटांनी थांबवायचा, मी पडद्याशेजारी उभी राहून खुणांनी सांगायचं, मग पुढे. त्यातही एक गंमत आहे. हॉलमध्ये अंधार केला की आमचं बोलणं बंद, आणि दिवे लावले की पडदा फिका. त्यामुळे एक मुलगी माझ्या हातांवर टॉर्च मारून बसते. ही सवय 2019 च्या पुरापासूनची. तेव्हा मुलांना दुसऱ्या मजल्यावर हलवलं होतं, दोन रात्री वीज नव्हती, आणि टॉर्च एकच. ज्याला बोलायचं त्याच्या हातावर टॉर्च. ज्याच्या हातात टॉर्च तो सभापती.

तर सिनेमात तो करारनाम्याचा प्रसंग आला. चेटकीण आवाजाच्या बदल्यात तीन दिवसांसाठी पाय देणार, तेवढ्यात राजपुत्राचं चुंबन मिळवायचं, त्यासाठी सोनेरी कागदाची गुंडाळी पुढे करते. ती जलपरी, एरियल, तोंड फिरवून, डोळे मिटून माशाच्या काट्याच्या लेखणीनं सही करते. तेवढ्यात एका मुलीनं टॉर्च माझ्यावरून काढून स्वतःच्या हातांवर घेतली. तिचं खुणेचं नाव 'खळी', गालावर बोट टेकवून फिरवायचं. ती म्हणाली,

"हिला लिहिता येतं. मग राजपुत्राला लिहून का नाही देत?"

मी मागे नेऊन पुन्हा दाखवलं. खरंच की हो! स्वच्छ अक्षरात अख्खं नाव लिहिते. आणि पुढे किनाऱ्यावर तो राजपुत्र भेटल्यावर बिचारी हातवारे करून दमते, त्याला काही कळत नाही. होडीत तो अंदाजानं भलतीच नावं घेत बसतो, शेवटी खेकड्याला त्याच्या कानात "एरियल" म्हणून कुजबुजावं लागतं. मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय. ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. माझी एम.ए. मराठी आहे.

मग वर्गात वादच पेटला. एक मुलगा म्हणाला, "ती ऐकते. ती आपली नाही." दुसरी म्हणाली, "बोलत नाही म्हणजे आपली." तो म्हणाला, "जीभ वेगळी, कान वेगळा." (हे वाक्य मी मोठ्या माणसांना पंचवीस वर्षं समजावतेय.) आणि सगळ्यात मागे बसणारा, ज्याला शाळेत कशातच रस नसतो, तो उठून म्हणाला, "पाण्यात आवाज कशाला लागतो? पाणबुडे खुणांनीच बोलतात. समुद्रात सगळे आपल्यासारखे." आणि बसला. तो उन्हाळ्यात कोकणात मामाकडे जातो, मामाची होडी आहे. त्याला हे ठाऊक असणारच.

पुढच्या आठवड्यात मी मूळ गोष्ट सांगितली, हान्स क्रिस्तियान अँडरसनची. मला आठवत होती ती लहानपणी वाचलेल्या रूपांतरातून. त्यात चेटकीण आवाज शिंपल्यात वगैरे काढून घेत नाही, सरळ जीभ कापते. हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. आमचा वर्ग गप्प होतो म्हणजे हात मांडीवर पडतात. एका मुलानं विचारलं, "ती म्हातारी डॉक्टर होती का?" त्याच्या आजीनं तो चार वर्षांचा असताना त्याच्या जिभेखालची दोरी कापून आणली होती. बोलायला लागेल म्हणून.

आता प्रश्न. या गोष्टीवर असा एखादा सिनेमा आहे का, ज्यात मुकेपण म्हणजे तीन दिवसांची शिक्षा आणि आवाज परत मिळणं म्हणजे बक्षीस, असं नाही? आणि मूळ डॅनिश गोष्टीत तिला लिहिता येतं का? कुणी तिकडे राहत असेल तर सांगा. खळी रोज विचारते.

मधल्या सुट्टीतला:

बाई, तुमची खळी डिस्नेवाल्यांपेक्षा हुशार आहे. पण त्यांनाही हा प्रश्न पोचला असावा. 2023 मध्ये खऱ्या नटांना घेऊन पुन्हा केला ना, रॉब मार्शलचा, त्यात सहीच काढून टाकली. करारनामा नाही, लेखणी नाही. ती अंगावरचा एक खवला देते आणि काम भागतं. म्हणजे भोक बुजवलं, पण वेगळ्या पद्धतीनं. लिहून द्यायचं कुणी सुचवू नये म्हणून लिहिण्याचा पुरावाच गायब!

एक प्रसंग मात्र त्यात तुमच्या मुलांना आवडेल. होडीत ती स्वतःचं नाव स्वतः सांगते, खेकड्याची मदत न घेता. तारे दिसत असतात, त्यातली मेष रास ती बोटानं दाखवते, तो "एरीज" म्हणतो, मग तिथून ती त्याला "एरियल"पर्यंत आणते. मला थिएटरात वाटलं होतं, बरं जमवलंय. आता आपल्याकडे तुम्ही 'मेष' म्हणून खूण करणार आणि त्यातून एरियल कसं काढणार, हा तुमचा प्रॉब्लेम.

शिवाय जुन्या गाण्यात चेटकीण जे सांगते, की पुरुषांना बडबड्या बायका आवडत नाहीत, गप्प राहणारीलाच नवरा मिळतो, तो भाग नव्यात नाही. पण तिच्यावर आणखी एक जादू केलीय, चुंबन घ्यायचंय हेच ती विसरते. लांबी 135 मिनिटं. तुमच्या हिशेबानं चार-पाच तास. डबा बांधून बसा.

लांगेलिनीवरून:

ताई, मी अकरा वर्षं कोपनहेगनला आहे. डॅनिश वाचते बऱ्यापैकी, बोलते घसा खरवडत. काल रात्री तुमचा प्रश्न वाचला आणि गोष्ट पुन्हा मूळातून काढली.

खळीला सांगा, गोष्टीत कागद, लेखणी, शाई, कशाचाच उल्लेख नाही. लिहिता येतं असंही नाही, येत नाही असंही नाही. राजपुत्र विचारतो तू कोण, कुठून आलीस, आणि ती त्याच्याकडे निळ्या डोळ्यांनी बघते, एवढंच. पण लिहिता आलं असतं तर गोष्ट दोन ओळींत संपली असती हे खरं. कारण सगळा घोळ त्यातच आहे. त्याला वाटतं, वादळात आपल्याला देवळातल्या एका मुलीनं वाचवलं. वाचवणारी समोर बसलेली असते आणि तो तिलाच त्या दुसरीबद्दल सांगत असतो. तिला सगळं ऐकू येतं. तुमचा तो "ती ऐकते" म्हणणारा मुलगा आहे ना, त्यानं गोष्टीच्या वर्मावर बोट ठेवलंय.

राजपुत्र तिला काय म्हणतो ते बघा: 'माझं मुकं, सापडलेलं लेकरू, बोलक्या डोळ्यांचं.' लाडानं म्हणतो. दाराबाहेर मखमली उशीवर तिला झोपायला जागा देतो. आता दाराबाहेर उशीवर कोण झोपतं, ते मी सांगायला नको.

आणि एक जागा तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. ती रात्री जळणारे पाय गार करायला समुद्राच्या पायऱ्यांवर उतरते तेव्हा लांबवर तिच्या बहिणी पाण्यावर येतात. ती त्यांना हात करते आणि त्या ओळखतात. पुढे आजी आणि बापसुद्धा येतात, पण जमिनीजवळ यायची त्यांची छाती होत नाही, तेव्हा ते लांबूनच तिच्याकडे हात पसरतात. म्हणजे आवाज गेल्यावर माहेरच्यांशी तिचं जे काही होतं ते हातांनीच होतं, आणि तिथे कुणाची गैरसमजूत होत नाही. मी ही गोष्ट मुलाला किती वेळा वाचून दाखवली असेल, हे काल पहिल्यांदा दिसलं.

बाकी नावाबद्दल. आपण जलपरी म्हणतो, पण डॅनिशमध्ये परी कुठेच नाही. 'हाव' म्हणजे समुद्र, 'फ्रू' म्हणजे बाई, लग्न झालेली बाई. समुद्रबाई म्हणा. लेखकाला इथे सगळे 'हो से' म्हणतात, हान्स क्रिस्तियानची आद्याक्षरं. आणि अँडरसनमधला ड कुणी उच्चारत नाही.

आता मला जे सांगायचंय ते. ही गोष्ट 1837 ची. पण हा माणूस ओडेन्सच्या एका चांभाराचा मुलगा, आई धुणं धुणारी. 1819 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी एकटाच कोपनहेगनला आला तो गाण्यासाठी. आवाज फार गोड होता म्हणे. सिबोनी नावाच्या इटालियन गायकानं त्याला शिकवायला घेतलं. आणि काही महिन्यांत आवाज फुटला. गेला. मग काय केलं? रॉयल थिएटरच्या बॅलेच्या वर्गात जाऊन नाचायला शिकू लागला. काटकुळा, लांब पायांचा, नाचात काही खास नव्हता. आता गोष्ट आठवा: आवाज गमावलेली मुलगी, परक्या वाड्यात, सुऱ्यांवर चालल्यासारखे पाय दुखत असताना सगळ्यांसमोर नाचते. मी काही समीक्षक नाही, पण हे वाचल्यापासून मला ती गोष्ट प्रेमाची वाटतच नाही. नोकरी शोधायला शहरात आलेल्या पोराची वाटते.

आणखी एक. कोपनहेगनात कर्णबधिरांसाठी शाळा निघाली 1807 मध्ये. पीटर आत्के कास्टबर्ग नावाच्या डॉक्टरनं काढली, आणि तो खुणांच्या बाजूचा होता. म्हणजे गोष्ट लिहिली गेली तेव्हा त्याच शहरात तीस वर्षं मुलं हातांनी शिकत होती. राजपुत्रानं एक माणूस पाठवून चौकशी केली असती तरी भागलं असतं.

जलपरीचा तो प्रसिद्ध पुतळा माझ्या सायकलच्या वाटेवर आहे. 1913 चा, सव्वा मीटर उंच. लोक बसमधून उतरतात, "एवढीशीच?" म्हणतात, फोटो काढतात, जातात. दोनदा तिचं डोकं कापून नेलंय. तुमच्या मुलांना फोटो दाखवा आणि पाय नीट बघायला सांगा. शेपटी नाहीच, पाय आहेत दोन, फक्त घोट्याशी माशाचे पर सुरू होतात. अर्ध्यात अडकलेली. कार्ल्सबर्ग बिअरच्या मालकानं, कार्ल याकोबसननं, या गोष्टीवरचा बॅले बघून तो करून घेतला. बॅलेत कुणीच बोलत नाही, त्यामुळे तिथे तिची अडचण होत नसावी.

कृष्णाकाठची बाई:

लांगेलिनीवरच्या ताई, काय लिहिलंय तुम्ही. शाळेच्या आवारात उभी राहून वाचलं, घंटा झाली ते कळलं नाही. (आमच्याकडे घंटा म्हणजे लाल दिवा लागतो, पण मी ऐकणारी, मला दिव्याची सवयच होत नाही.) आवाज फुटल्याचं उद्याच सांगते. आमच्या मुलांना 'आवाज फुटणं' समजावायला लागेल, ती एक वेगळीच कसरत.

सायलेंट मोड:

मॅडम, मी नऊ वर्षांचा असताना मेंदूज्वरात ऐकणं गेलं. म्हणून मराठी शाबूत आहे. आज पन्नाशीत आहे. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, फार गोड नाहीत.

माझ्या वेळी शाळेत खुणा केल्या की फूटपट्टी बसायची हातावर. ओठ बघा, ओठ बघा, बोला. आता ओठ बघून काय कळतं ते सांगतो. पापा, बाबा, मामा. आरशासमोर आवाज न करता म्हणून बघा. तिन्ही एकच. आठवडाभर काकूला वाटायचं की मी पाणी मागतोय आणि मी मात्र भाजीला नको म्हणत होतो, असली मजा. तर मला त्या चेटकिणीचा राग कधीच आला नाही. तिनं निदान सौदा सांगून केला. फूटपट्टीवाल्यांनी हात घेतले आणि बदल्यात पायही दिले नाहीत.

दुसरं, तुमच्या सिनेमाचा शेवट. शिंपला फुटतो, सोनेरी प्रकाश येतो, आवाज तिच्या गळ्यात परत जातो, ती गाते आणि राजपुत्राला एका क्षणात कळतं की हीच ती. मी तो शेवट माझ्या मुलीबरोबर पाहिला. ती ऐकणारी आहे. तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्या डोक्यात एकच: तीन दिवस शेजारी बसून कळलं नाही, आणि गळ्यातून सूर आला की कळलं. असल्या नवऱ्याचं करायचं काय?

तुमच्या मुलांना शेवट बदलायला द्या. पण त्यांच्या मनानं. तुमच्या नाही.

सेलवरचा रंग:

मी मुंबईत नव्वदच्या दशकात सेल रंगवायचं काम केलंय. सेल म्हणजे पारदर्शक शीट, पुढून काळी रेघ, मागून रंग. मागून रंगवायचं म्हणजे आधी डोळ्यातला ठिपका, मग बुबुळ, मग पांढरं. उलटं. चुकलं की पुसा, बोटांना कायम रंगाचा वास. म्हणून या सिनेमावर माझा जीव आहे. हातानं सेल रंगवून केलेला डिस्नेचा हा शेवटचा मोठा सिनेमा, त्यानंतर कॉम्प्युटरनं रंग भरायला लागले. यातलाही अगदी शेवटचा, इंद्रधनुष्याचा निरोपाचा शॉट कॉम्प्युटरवर रंगवलेला आहे. बुडबुडेच दहा लाखांच्या वर काढलेत, बरेचसे चीनमधल्या एका कंपनीला देऊन. माझ्या मास्तरांनी सांगितलं होतं, बुडबुडा गोल काढू नकोस, वर जाताना तो चपटा होतो.

सायलेंट मोड साहेब, तुमच्या शेवटाबद्दल मी वाद घालत नाही. पण डिस्नेच्या ग्लेन कीन या चित्रकारानं एरियलला कशी काढलीय ते जरा बघा. तो खरं तर चेटकीण काढणार होता. जोडी बेन्सननं गायलेलं एरियलचं गाणं ऐकलं आणि हिलाच काढायचं म्हणून अडून बसला. शिवाय शेरी स्टोनर नावाच्या नटीला समोर हालचाली करायला लावून, तिचं चित्रण करून, त्यावरून चित्रकारांनी अभ्यास केला. म्हणजे मधल्या त्या तीन दिवसांत पडद्यावर जी दिसते ती आवाजाशिवायची नटी आहे, हातांची, भुवयांची, खांद्यांची. जेवणाच्या टेबलावर काट्यानं केस विंचरते आणि मग चूक लक्षात येऊन खाली बघते, तो प्रसंग आवाज बंद करून बघा. काही कमी पडत नाही. मी नव्या मुलांना अॅनिमेशन शिकवताना तोच भाग लावतो, स्पीकर काढून.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक जुना सिनेमा सुचवतो. चेकोस्लोव्हाकियात कारेल काखिन्यानं 1976 मध्ये केलेला. त्यात शेवट गोड नाही, मूळ गोष्टीसारखी ती समुद्राचा फेसच होते. शेपट्याही नाहीत, समुद्रातली माणसं उंच केशरचना आणि लांब कपड्यांत, निळ्या उजेडात हळूहळू वावरतात. तुम्हाला शेपट्या शिवायचा खर्च वाचेल! मत्स्यकन्या आणि राजपुत्राची नवरी या दोघींच्या भूमिका सख्ख्या बहिणींनी केल्यात, मिरोस्लावा आणि लिबूशे शाफ्रांकोव्हा. दोघींच्या चेहऱ्यात साम्य, त्यामुळे राजपुत्राची गफलत बघणाऱ्यालाही पटते. संवाद आहेत, पण भाषा आपल्याला कुणालाच कळत नाही. तुमची मुलं आणि मी एका पातळीवर.

आणि डेन्मार्कच्या ताईंसाठी. डिस्नेकडे ही गोष्ट 1989 च्या कितीतरी आधी पडून होती. काय नील्सन म्हणून तुमच्या कोपनहेगनचाच चित्रकार होता, त्यानं तिथे नोकरीत असताना या गोष्टीसाठी चित्रं काढली होती. वादळ, बुडणारं जहाज, फार देखणी. तेव्हा सिनेमा झाला नाही. तो 1957 मध्ये अमेरिकेत हलाखीत गेला. तीसेक वर्षांनी त्याची चित्रं बाहेर काढून नव्या लोकांनी बघितली आणि नामावलीत त्याचं नाव दिलं.

कृष्णाकाठची बाई:

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, सहामाही परीक्षा होत्या.

काट्यानं केस विंचरण्याचा प्रसंग आवाज बंद करून मी एकटीनं बघितला. मुलांना दाखवायची गरज नव्हती, त्यांनी तो तसाच पाहिला होता. चेक सिनेमाचे तुकडे मिळाले, ते दाखवले. शेपट्या नाहीत म्हणून मुली नाराज. त्या म्हणतात, शेपटी हवीच, नाहीतर खर्च कशावर करायचा.

सायलेंट मोड दादा, तुमचं मी वर्गात सांगितलं, फूटपट्टीसकट. मग फळा सोडून मागे जाऊन बसले आणि म्हटलं, तुम्ही ठरवा. पाऊण तास भांडले. मी मध्ये पडले नाही. दोनदा पडले, खरं सांगायचं तर.

त्यांचं ठरलं ते असं. समुद्रात सगळे खुणा करतात, तिथे तिला काहीच कमी नाही. जमिनीवरचे लोक नुसते तोंड हलवतात. जमिनीवरच्या सगळ्या भूमिका आम्हा शिक्षकांना दिल्यात. आम्ही दरबारात उभं राहून आवाज न करता ओठ हलवायचे, भराभरा, एकमेकांकडे बघून हसायचं, आणि तिनं काही विचारलं की "नंतर सांगतो" असा हात करायचा. हा हात त्यांना कुणी शिकवला नाही. आम्ही सगळे रोज करतो. राजपुत्र झालेत आमचे पीटीचे सर, त्यांना मिशी कापायला सांगितलंय, ओठ दिसत नाहीत म्हणून.

मग चेटकीण काय घेणार, यावर अडलं. जीभ घेऊन उपयोग नाही, जिभेचं काम नाही इथे. कुणीतरी म्हणालं हात. त्यावर सगळे एकदम नको म्हणाले, दोघींनी हात पाठीमागे लपवले. मग तो मागे बसणारा, मामाच्या होडीवाला, उठला. टॉर्च घेतली, स्वतःच्या हातावर मारली, आणि बंद केली.

तर चेटकीण उजेड घेते. मत्स्यकन्या जमिनीवर येते तेव्हा तिचे हात सतत अंधारात असतात. ती बोलत असते, पण दिसत नाही. सगळ्यांवर स्पॉट, तिच्यावर नाही. दिवे सांभाळायला तोच मुलगा.

मुख्याध्यापकांना हे पटवायला दोन दिवस गेले. पाहुणे येणार, पालक येणार, स्टेजवर मुख्य पात्र अंधारात, आणि स्पीकरवर काहीच नाही, मग लोकांनी करायचं काय? मी म्हटलं, बघायचं. ते म्हणाले, निदान मागे तबला तरी ठेवा. तबला ठेवलाय. मुलांना फळीवर पाय ठेवला की ठेका कळतो, ते उलट बरंच झालं.

खळीच्या प्रश्नाचं राहिलंच. लांगेलिनीच्या ताईंचं उत्तर मी तिला सांगितलं, गोष्टीत कागदाचा उल्लेखच नाही म्हणून. तिनं विचार केला आणि म्हणाली, "राजपुत्राला वाचता येत नसेल. नोकर वाचून दाखवत असतील." तेवढ्यावर तिचं समाधान झालंय. मत्स्यकन्या तीच होतेय.

शेवटी ती फेस होणार हे मात्र नऊही जणांनी एकमतानं ठेवलं. मला वाटलं होतं ते बदलतील. साबणाचा फेस स्टेजवर निसरडा होतो, पीटीचे सर रंगीत तालमीला एकदा आपटले. आता रिठे भिजत घातलेत, एक बादली. कुणाला याहून बरा उपाय ठाऊक असेल तर शनिवारच्या आत कळवा.